दादाराव आणि दोन पंख्यांची होडी

दादाराव कोणत्याही फिरणाऱ्या वस्तूच्या समोर उभे राहत नसत. टेबलफॅन असो, पिठाची गिरणी असो, नाहीतर विहिरीवरची मोटार असो, आधी वळसा घालून मागं जाणार आणि तिथून डोळे बारीक करून बघणार. लग्नाच्या मांडवात सगळे वऱ्हाडी मोठ्या पंख्यासमोर जागा धरायला धडपडायचे आणि हा माणूस घामानं निथळत पंख्याच्या पाठीमागं उभा असायचा. कुणी हसलं तर म्हणायचे, "समोरून हवा लागती. मशीन मागून दिसतं."

कानावर खडूचा तुकडा कायम. सुतार पेन्सिल ठेवतो तसा. मशीन कोणत्या बाजूनं फिरतं ते कळलं की त्याच्या अंगावर बाण काढायचे. आमच्या शाळेतल्या सगळ्या पंख्यांवर, बोअरच्या मोटारीवर, एवढंच काय, मुलींच्या शिवणयंत्राच्या चाकावरसुद्धा दादारावांचे बाण होते.

आखाडा बाळापूरपासून सात-आठ किलोमीटर आत आमची शाळा. मी तिथं विज्ञान शिकवायला लागले तेव्हा हिंगोली जिल्हा व्हायचा होता, आम्ही परभणीत होतो. दादाराव प्रयोगशाळेत परिचर. पण परिचर नुसते म्हणायला. संस्थेच्या सचिवसाहेबांच्या तोंडी हुकमावर ते कामाला होते आणि हजेरीपटावर त्यांचं नाव नव्हतं. शिक्षण आठवी. रविवारी बाळापूरला एका दुकानात शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचे, त्यावर घर चालायचं. मुलं त्यांना मामा म्हणायची, बहुतेक मास्तर अरे-तुरे करायचे. मी 'तुम्ही' म्हणत होते, पण त्याचंही फार कौतुक नको. वयानं ते माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठे होते.

मी आमच्या तांड्यावरची पहिली पदवीधर. मुलींमधली नव्हे, सगळ्यांतली. माझ्या आधी कुणी दहावीच्या पुढं गेलेलं नव्हतं. त्यामुळं पहिली दोन-तीन वर्षं मी जिथं सही करायची तिथं खाली 'बी. एस्सी., बी. एड.' लिहायचे. खडूच्या खोक्याच्या पावतीवरसुद्धा. दादारावांनी ते एक दिवस बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, खडू बारा आन् शिक्षण एवढं? तेवढ्या जागंत चोवीस खडू मावले असते."

मला राग आला होता. आता आठवलं की हसू येतं.

त्यांचा एक प्रसंग गावात अजून सांगतात. एका शेतकऱ्यानं विहिरीवर नवी मोटार बसवली, तर पाणी मनगटाएवढं यायच्या जागी करंगळीएवढं येऊ लागलं. त्यानं विहिरीला दोष दिला. नारळ हातावर ठेवून पाणी बघणारा आणला. तो म्हणाला, झरा आटला. मग विहीर खोल करायची बोलणी सुरू झाली. दादाराव त्या वाटेनं चालले होते. मोटारीच्या मागं जाऊन उभे राहिले, बघितलं आणि म्हणाले, "उलटी फिरून राहिली ना बे."

"उलटी फिरती तं पाणी कसं येतं मामा?" शेतकरी म्हणाला.

"तेच तं! उलटी फिरली तरी थोडकं पाणी देतीच. बिलकुल न्हाई आलं असतं तं तू पहिल्याच दिवशी बोंबलला असता. थोडकं येतं म्हणून माणूस फसतो."

डब्यातले फ्यूज काढून त्यांनी तीनपैकी दोन वायरी आलटून-पालटून जोडल्या. बटन दाबलं, तर पाण्याची धार पाटाच्या पलीकडं जाऊन पडली. तो पाणी बघणारा तिथंच बसला होता. त्याला म्हणाले, "महाराज, झरा सापडला. डब्ब्यात होता."

होडीची गोष्ट मात्र चेष्टेतून सुरू झाली नाही. एका वर्षी गणपती बुडवताना गावच्या तलावात एक माणूस बुडाला. काठावर शंभर माणसं, हातात दोर, पण दोर तिथवर जाईना. जे पोहू शकत होते ते घाबरले. दादाराव त्या गर्दीत होते आणि त्यांना पोहता येत नव्हतं. एक दिवस म्हणाले, "मॅडम, दोरी नेणारं काहीतरी पायजे. माणूस न्हाई, वस्तू. वस्तूला भेव न्हाई."

मुख्याध्यापकांच्या घरी रिमोटवर चालणारा खेळण्यातला रणगाडा मोडून पडला होता. त्याला दोन मोटारी, डावीकडची वेगळी, उजवीकडची वेगळी आणि रिमोटला दोन दांड्या. एक दांडी पुढं, एक मागं केली की रणगाडा जागच्या जागी वळायचा. दादारावांनी तो मागून घेतला. आधी त्यांनी टेपरेकॉर्डरच्या मोटारी लावून बघितल्या होत्या, पण त्या एकाच बाजूनं फिरतात, उलट्या जात नाहीत, म्हणून सोडून दिल्या. थर्माकोलची होडी केली, वरून तेलाच्या डब्याचा पत्रा चढवला. पत्र्याचेच दोन पंखे कापले, आणि मागं बारीक सुतळीची गुंडी. उजव्या बाजूला 'उ' लिहिलं, डाव्या बाजूला 'डा'. पंखा कुठला, दांडी कुठली, यात घोटाळा नको म्हणून.

पहिल्या दिवशी शाळेच्या सिमेंटच्या हौदात ती सोडली, तर सरळ जाईचना. दोन्ही पंखे एकाच बाजूनं फिरत होते, म्हणून होडी सारखी एका अंगाला ओढायची. दुसऱ्या दिवशी त्यांनी एका मोटारीच्या वायरी उलटवल्या, सवयीनं, विहिरीवरच्या मोटारीसारख्या. होडी हौदाच्या मधोमध गरगर फिरायला लागली. पोरं टाळ्या पिटत होती, "मामाची गिरणी! मामाची गिरणी!"

दादाराव पोरांवर चिडले नाहीत. पायातल्या चपला काढल्या, उजवी डाव्या पायात घातली, डावी उजव्या पायात, आणि सगळ्यांपुढं चार पावलं चालले. पोरं आणखी हसली. "हसू नका बे. मी हेच केलं. पाय बदलला, चप्पल तीच ठिवली. मोटार उलटी केली तं पंख्याची पातीबी उलट्या अंगाला वळवावी लागंल." मी नंतर कित्येक वर्षं आरशातली प्रतिमा शिकवताना हाच चपलांचा प्रयोग करत आले. माझा म्हणून.

पाती वळवल्यावर होडी ताठ, सरळ निघाली. राहिला एकच प्रश्न. दोन पंखे एकमेकांच्या उलट फिरणार, हे ठरलं. पण कसे? वरची पाती मधून बाहेर जाणारी, की बाहेरून मधे येणारी? हौदात दोन्ही सारखेच वाटत होते. मला तर तो प्रश्नच वाटत नव्हता. दादाराव होडी घेऊन गावच्या तलावावर गेले, तिथं काठानं शेवाळाची दाट जाळी असते. आठवडाभर शाळा सुटल्यावर रोज जायचे. एकदा असे पंखे, एकदा तसे. मग येऊन सांगितलं, "बाहेरच बरे मॅडम. आत फिरले की शेवाळ मधी ओढून घेतात, आन् बुडाखाली गच्च होतं. बाहेर फिरले की फेकून देतात. वळायलाबी हलकी जाती."

मी "बरं" म्हणाले. मी वह्या तपासत होते.

त्या वर्षी जिल्हा विज्ञान प्रदर्शनात परिचरांचा वेगळा गट होता. सचिवसाहेब शाळेत आले असताना मुख्याध्यापकांनी होडी दाखवली. साहेब खूश झाले. सगळ्यांसमोर म्हणाले, "दादाराव, जिल्ह्याला नंबर आणा. परिचराची मंजूर जागा रिकामी आहे, तुमचा प्रस्ताव मी स्वतः पाठवतो."

अकरा वर्षं तो माणूस त्या एका कागदाची वाट बघत होता. साहेब गेल्यावर ते प्रयोगशाळेत येऊन स्टुलावर बसले. एरवी माझ्यासमोर कधी बसत नसत. म्हणाले, "माझा बाप सालगडी होता मॅडम. दर पाडव्याला मालक बदलायचा. मला मरस्तोर एकाच जागंचं व्हायचंय."

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी मी नांदेडहून आणलेलं एक इंग्रजी पुस्तक उघडून बसले होते. परीक्षकांनी काही विचारलं तर दादारावांना उत्तर देता यावं, अशी माझी भावना होती. भावना चांगलीच होती. त्या पुस्तकात दोन पंख्यांच्या जहाजाबद्दल अर्धं पान होतं आणि त्यात लिहिलं होतं, उजवा पंखा घड्याळाच्या काट्याप्रमाणे, डावा उलट. माझ्यासमोर टेबलावर होडी होती, तिचं तोंड माझ्याकडं. मी म्हणाले, "चालू करा बघू." त्यांनी केली. मी 'उ' लिहिलेल्या बाजूचा पंखा बघितला. तो काट्यांच्या उलट फिरत होता.

"दादाराव, हे चुकलंय."

"मॅडम, मागं येऊन बघा."

"मागं-पुढं काय? 'उ' म्हणजे उजवाच ना? पुस्तकात स्पष्ट दिलंय."

"दिलं असंल. पण मागं येऊन बघा. होडी कुठं चालली, त्या तोंडानं उभं ऱ्हावा."

खोलीत आणखी दोन शिक्षक होते. त्यांतला एक हसून म्हणाला, "मामा आता मॅडमला बी.एस्सी. शिकवतात!" तो हसला नसता तर मी उठले असते का? मी स्वतःला खूपदा विचारलं आहे. बहुतेक नसते उठले.

"पुस्तक आहे हे, दादाराव," मी म्हणाले. "तुमच्या तलावापेक्षा जास्त जहाजं बघितलीत लिहिणाऱ्यानं."

त्यांनी पकड घेतली, डावा पंखा उजवीकडं लावला, उजवा डावीकडं, दोन्ही मोटारींच्या वायरी उलटवल्या. हौदात नेली. होडी सरळ गेली.

"बघा," मी म्हणाले.

"चालती," ते म्हणाले. "वळायला जड झाली." आणि कानावरचा खडू काढून जुने बाण ओल्या फडक्यानं पुसले, नवे काढले.

प्रदर्शन एका मोठ्या शाळेत होतं. दादारावांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. परीक्षकांत एक प्राध्यापक होते, शांत, कमी बोलणारे. त्यांना होडी फार आवडली. पाण्याच्या टाकीतलं प्रात्यक्षिक बघून म्हणाले, "पण ही तर खऱ्या तलावासाठी आहे ना? मागं तळं आहे. चला."

तळ्यावर हिरवी साय होती. दादारावांनी एकदा पाण्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. वायरी आणि पंखे बदलायला पाऊण तास नव्हता लागत, पंधरा मिनिटं पुरली असती. मी "थांबा" म्हणायचं होतं. मला अजून वाटत होतं की पुस्तक बरोबर आहे.

होडी निघाली. वीसेक हात झकास गेली, सुतळी मागं सुटत होती, पोरं ओरडत होती. मग डावा पंखा थांबला. होडी गोल फिरायला लागली आणि स्वतःचीच सुतळी स्वतःभोवती गुंडाळत गेली. मग दुसराही थांबला. दादाराव चपला काढून पाण्यात उतरले. कमरेएवढं पाणी, पोहता न येणारा माणूस. होडी डोक्यावर धरून बाहेर आले. पांढरा शर्ट बरगड्यांपर्यंत हिरवा झाला होता.

प्राध्यापकांनी होडी उलटी केली. दोन पंख्यांच्या मधे शेवाळाचा बोळा. त्यांनी बोटानं पंखा फिरवला आणि विचारलं, "आतल्या बाजूनं फिरणारे का ठेवले हो? बाहेर ठेवायचे ना. एवढं डोकं चालवलं आणि इथंच कसं चुकलात?"

दादारावांनी माझ्याकडं बघितलं नाही. मी सगळ्यांना सांगते, त्यांनी बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित मी बोलले असते.

"चुकलं साहेब," ते म्हणाले.

मी हातातली फाइल नीट करत उभी होते.

पुढच्या आठवड्यात सचिवसाहेब आले. कार्यालयात आम्ही पाच-सहा जण होतो. "काय हो, मामाची होडी बुडाली म्हणे?" सगळे हसले. मीही हसले. मोठ्यानं नाही, पण हसले. साहेब माझ्याकडं वळून म्हणाले, "तुम्ही होतात ना मॅडम तिथं? काय झालं नेमकं?" ही माझी वेळ होती. मी म्हणाले, "शेवाळ अडकलं, सर." खोटं नव्हतं. उलटी मोटारही पाणी देते, तेवढंच ते खरं होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर त्या जागेवर साहेबांच्या नात्यातला एक माणूस रुजू झाला. त्याला काम दाखवायला दोन महिने दादारावांनाच ठेवलं. ते त्याला एकेक कपाट उघडून दाखवायचे. "ही आम्लं. हे वरच्या फळीवर ठिवायचं न्हाई. ही बॅटरी, हिच्याजवळ लोखंड नको." तो मान डोलवायचा आणि बाहेर तंबाखू मळायला जायचा. एका शनिवारी त्यांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या टेबलावर ठेवला. प्रत्येक किल्लीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधली होती. "येतो मॅडम," म्हणाले. मी म्हणाले, "येत जा अधूनमधून." ते आले नाहीत.

होडी प्रयोगशाळेत तशीच पडून होती. दिवाळीनंतर मी कपाटं आवरत होते. होडी टेबलावर ठेवली गेली ती योगायोगानं पाठमोरी. मी बोटानं 'उ' चा पंखा ज्या बाजूनं चालायचा त्या बाजूनं हलवला आणि माझा हात थांबला. मी तसाच हात ठेवून टेबलाच्या पलीकडं गेले, परत अलीकडं आले. समोरून काट्यांप्रमाणे फिरणारा पंखा मागून काट्यांच्या उलट होता. पुस्तकात लिहिलं होतं ते मागून बघून लिहिलं होतं. म्हणजे पुस्तकात जे होतं तेच दादारावांनी तलावावर शोधून काढलं होतं आणि मी पुस्तक हातात धरून त्यांच्याकडून पुस्तकाच्या विरुद्ध करवून घेतलं होतं. कशामुळं? तर खुर्चीवरून उठून चार पावलं चालले नाही म्हणून.

त्या दिवशी बाळापूरची बस होती. मी गेले नाही. पुढच्या बाजाराला जाऊ म्हटलं. मग बाजारामागून बाजार गेले. बाळापूरला मी शंभर वेळा गेले असेन, पण त्या दुकानाच्या रस्त्यानं गेले नाही. माझ्या बापाला अक्षर येत नव्हतं, पण चूक झाली तर तो त्याच दिवशी समोरच्याच्या दारात जाऊन उभा राहायचा. एवढं शिकून ते एक मला जमलं नाही.

सात वर्षं गेली. मी पर्यवेक्षिका झाले. एकदा बाळापूरच्या फाट्यावर शिरड शहापूरकडं जायला उभी होते. झाडाखाली पोत्यावर एक मोटार ठेवून दादाराव बसलेले. केस आणि दाढी पांढरी, कानावर खडू. मला बघून ते उठले, मोटारीला हात टेकून.

"बरं हाय ना मॅडम? मोठ्या झाल्या म्हणं."

मी काहीच विचारलं नाही. तब्येत नाही, मुलं नाहीत. एकदम बोलून गेले, "दादाराव, ते पंखे तुमचे बरोबर होते. मी समोरून बघत होते. चूक माझी होती."

आवाज चढला नाही त्यांचा. ओळखीच्या माणसाला चुकीच्या बसमधून उतरवावं तसं म्हणाले, "मला काहून सांगून राहिल्या मॅडम? मला तं तवाच ठाव होतं. हे साहेबांना सांगायचं होतं."

सचिवसाहेब वारून दोन वर्षं झाली होती. ते त्यांनाही माहीत होतं.

काळीपिवळी जीप आली, माणसांनी ठासलेली. ड्रायव्हर ओरडला, "मामा, मोटार टपावर टाका!" दादाराव म्हणाले, "टपावर न्हाई. भरलेली हाय, मांडीवर घेतो." मागच्या फळीवर कुणीतरी सरकलं, वीतभर जागा झाली. मोटार पोत्यात गुंडाळून, लेकरू धरावं तशी दोन्ही हातांनी धरून ते बसले. मी मागून हात लावायला गेले, तोवर त्यांनी पाय आत घेतले होते. गाडी हट्टा गावाकडं निघाली. मागच्या माणसांच्या खांद्यांमधून त्यांची पांढरी दाढी वळणापर्यंत दिसत होती.